व्हॉल्व ओळखणारे अण्णा

आमच्या गल्लीतले अण्णा रेडिओतला व्हॉल्व उपसत, धोतराच्या सोग्यानं त्याची काच लख्ख पुसत, एक डोळा मिटून तो उन्हाकडे धरत आणि म्हणत, "ओळखला!" काय ओळखलं, ते विचारायचं नसे. विचारणाऱ्यालाच ते ओळखून ठेवत.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काही बिघडलं की बोलावण्याआधी हजर. अण्णा म्हणे लढाईच्या काळात लष्करात, वायरलेसमध्ये होते. एकदा बोलण्याच्या ओघात त्यांच्याच तोंडून निसटलं की नेमणूक कोठारात होती, आणि कोठार घोंगड्यांचं होतं. पण गल्लीत लष्कराच्या इतक्या जवळ दुसरं कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे बिघडलेले रेडिओ त्यांच्याकडेच जात. माझाही गेला होता. त्यानंतर माझ्या घरी रेडिओ नव्हता, रेडिओची पेटी होती. बायको तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवत असे.

शेजारी गिरणीतले एक जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, राहत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हीत अबोल. कामगारांच्या कार्यक्रमासाठी टेप घेऊन रेडिओची माणसं गिरणीत आली आणि त्यांनी नेमकं यांनाच मागाविषयी बोलायला लावलं. गुरुवारी संध्याकाळी ते लागणार होतं. मंगळवारी जॉबरांचा जुना लाकडी रेडिओ मुका झाला.

"कोपऱ्यावरच्या हॉटेलात ऐका की," कोणीतरी म्हणालं.

"मी काय बोललो ते मला म्हाईत हाय की. हिला ऐकायचंय."

ही म्हणजे अक्का, त्यांची बायको. लकव्यानं वर्षभर खाटेला खिळलेल्या. कोपऱ्यावरचं हॉटेल त्यांना करमाळ्याइतकंच लांब.

अण्णा आले. पांढरी चादर अंथरवली, पितळी ताट मागवलं, सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. मग पाचही व्हॉल्व एकदमच उपसले आणि पुसून ताटात मांडले. आता, व्हॉल्वच्या काचेवर पांढऱ्या शाईत नंबर असतो. तेच त्याचं नाव, गाव आणि गोत्र. इतकी वर्षं टिकलेले ते नंबर अण्णांच्या स्वच्छतेपुढे टिकले नाहीत. दोन जाडे व्हॉल्व अंगावरून ओळखू आले. उरलेले तीन एका साच्यातले, बुडाच्या पिनाही सारख्या, कुठल्याही खोबणीत कुठलाही बसावा असे. आणि त्यांतला एक बहुतेक मेलेला.

"अण्णा, कुठला कुटं होता?" जॉबरांनी हळूच विचारलं.

"घाई करू नका. ते आपली जागा आपणहून सांगत्यात."

व्हॉल्व काही सांगेनात. दुसऱ्या दिवशी तिघांना रुमालात गुंडाळून आम्ही पेठेतल्या दुकानात गेलो.

"नंबर सांगा," दुकानदार म्हणाला.

"जाणकाराला चेहऱ्यावरून कळतं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, हे व्हॉल्व हायती, सोयरीक न्हाय. पेटी आणा, आमचा मेकॅनिक बघंल. पण लग्नाला गेलाय, सोमवारी येतोय."

गुरुवारी दुपारपासून अण्णा त्या तीन व्हॉल्वच्या जागा बदलत बसले. एकदा जळका वास आला. त्याला त्यांनी प्रगती म्हटलं. अक्कांनी शेजारणीकडून वेणी घालून घेतली होती. जॉबरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, स्वतःचंच भाषण ऐकायला.

कोपऱ्यावरच्या हॉटेलातून कार्यक्रमाची धून ऐकू आली. शब्द तेवढ्या लांबून कळत नव्हते. आमच्या पुढ्यातला रेडिओ गप्प होता.

"राहू द्या अण्णा," अक्का म्हणाल्या. "परत कधी लागंल." परत लागणार नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

अण्णा उठले. कोटाची बटणं लावली, रेडिओशेजारी ताठ उभे राहिले आणि खर्जात म्हणाले, "बंधूंनो आणि भगिनींनो, आता सोलापूरच्या एका गिरणीतले जॉबर मागाविषयी दोन शब्द सांगतील." मग दबक्या आवाजात, "बोला की वो. लागलंय."

आता या माणसानं ताळ सोडला, असं मला वाटलं. पण जॉबरांनी सदरा सारखा केला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि सुरुवात केली, "नमस्कार. माग म्हणजे नुसतं यंत्र नव्हे..." मध्येच अडखळले, तेव्हा अण्णांनी तोंडानं खरखर काढली. अक्का खुदकन हसल्या. जॉबर पुढे बोलत राहिले. तुटलेला धागा कसा सांधायचा ते सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ही गाठ मी माझ्या बायकोकडून शिकलो. तिच्यासारखा हात गिरणीत कुणाला न्हाय."

अक्कांनी चांगल्या हातानं पदर डोळ्यांना लावला. "हे पण बोललात व्हय तितं?"

जॉबर खाली बघू लागले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. अण्णांना होती.

"ते फकस्त आपल्या स्टेशनावर," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात ते सांगत होते, "काल बोलता केला रेडिओ!" त्या खोलीत हजर असलेले आम्ही तिघेचौघे बशीतला चहा फुंकत राहिलो. एरवी त्यांना टोकायची एकही संधी मी सोडत नसे.

पुढे मेकॅनिकनं मेलेला व्हॉल्व शोधून बदलला. रेडिओ उत्तम लागू लागला. अण्णा मुलीकडे करकंबला राहायला गेले. तिकडचं कोणी बाजाराला आलं की अक्का त्याला बोलावून विचारत, "आमचे अण्णा तितं कुणाचा रेडिओ बिघडवत्यात?" आणि उत्तराला खाटेवर हसत.

एकदा आलेला माणूस अण्णांच्या दहाव्याला जाऊन आला होता. प्रश्न ऐकून त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. रेडिओवर बातम्या चालू होत्या. अक्का तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. जॉबर उठले आणि त्यांनी रेडिओ बंद केला.