कुंकू लागलेला शालू

दिग्रसला आमचं कापडाचं दुकान आहे. साडी परत करायला बाई आली की आमचे हे तिला घाबरतात, आणि ती मला घाबरते. हे लगेच पैसे काढून देणारे. मी साडी पूर्ण उलगडून, पदराला नाक लावून पाहणारी. मांडवात मिरवून आलेल्या साडीला अत्तराचा आणि बुंदीचा वास असतो, तो मला दारातूनच येतो. "घरी पसंत नाही पडली," असं कोणी म्हटलं की मी विचारते, "घरी की लग्नात?" भिंतीवर आमची पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही म्हणून. एका वकील गिऱ्हाइकानं सांगितलं की असली पाटी कायद्यापुढे टिकत नाही. ह्यांनी ती दुसऱ्याच दिवशी काढली. मी बरेच दिवस ह्यांच्याशी धड बोलले नाही.

एक नियम मात्र पाटी नसतानाही सगळे पाळतात. लग्नाचा बस्ता, म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, करायला मंडळी गादीवर बसली की आधी नवरीचा शालू निवडतात. त्याच्या पदराच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावतात आणि सगळे हात जोडतात. आमच्याकडे ते कुंकू मी लावते. एकदा कुंकू लागलं की शालू त्या मुलीचा झाला. तो परत येत नाही, कारण दुसऱ्या नवरीला तो चालत नाही.

गेल्या वर्षी महागावकडची एक बाई आणि तिची मुलगी एसटीनं आल्या, अख्खा बस्ता गाठोड्यात बांधून. मुलाकडच्यांनी लग्न मोडलं होतं. अहेराच्या साड्या, शर्टपीस, सगळं घडीसुद्धा न मोडलेलं. मी नाक न लावता घेतलं, पैसे दिले. खाली राहिला वांगी रंगाचा शालू. त्याचे पैसेही त्या आईनंच दिले होते.

"हा नाही घेता येणार हो," मी म्हटलं. "कुंकू लागलंय."

मुलीनं तो शालू उचलून मांडीवर घेतला. ती म्हणाली, "पैसे नका देऊ काकू. पण ठेवून घ्या तुमच्यापाशी. घरी राह्यला त आई रोज पाहीन अन् रडीन."

असं म्हणून ती शालू गादीवर ठेवून निघून गेली. मला भरून आलं, हे खरं आहे. पण भरून येणं किती दिवस टिकतं? लग्नसराई रंगात आली आणि तो शालू कपाटात नुसता पडून आहे हे मला दिसायला लागलं. मी तो यवतमाळला ड्रायक्लीनला पाठवला. कोपऱ्यावरचा डाग गेला. नवी घडी, नवी पेटी.

हे म्हणाले, "हे बरोबर नाही. पैसे तिचे, पावती तिची. आपण शालू परत घेतला म्हणायचं तर तिला पैसे द्यायला पाहिजेत. नाही घेतला म्हणायचं तर ती तिची ठेव आहे. ठेव कशी विकायची?"

"तिनं स्वतःच्या तोंडानं पैसे नको म्हटले," मी म्हटलं. "दुकान तुमच्यासारख्यानं चालवलं असतं तर आपण गादीसकट विकले गेलो असतो."

राळेगावकडच्या एका पार्टीनं तो पाहताक्षणी उचलला. नवरीच्या आईनं विचारलं, "कोरा आहे ना?" मी म्हटलं, "तुमच्यासमोर पेटीतून काढला." काढला होताच. मग त्याच कोपऱ्याला मी माझ्या हातानं पुन्हा कुंकू लावलं. लोकांच्या साड्या हुंगणारी मी. हात जराही कापला नाही, आणि आता त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

यंदा त्या महागावच्या मायलेकी पुन्हा आल्या. मुलीचं लग्न जमलं होतं. सासरची मंडळी मागून यायची होती. मुलगी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "काकू, तो वांगी शालू आहे का अजून? मी तोच नेसते. त्या बिचाऱ्याचा काय गुन्हा होता?"

खरं सांगायला ह्यापेक्षा बरी वेळ मिळणार नव्हती. दुकानात आम्ही चौघंच होतो. माझ्या तोंडून निघालं, "देवीला नेसवला गं तो."

हे कपाटाकडे तोंड करून उभे राहिले. मुलीचे डोळे भरले. तिच्या आईनं तिथूनच हात जोडले, देवीला की मला, कळलं नाही.

तेवढ्यात सासरची मंडळी आली. पाणी झालं, चहा झाला, आणि त्या आईला राहवेना. मुलीच्या होणाऱ्या सासूला ती सगळं सांगून बसली. "पह्यलं मोडलं तवा या बाईनं माल वापस घेतला. अन् शालू कोणाले इकला नाही. देवीले नेसवला. म्हणून त माह्या पोरीले तुमच्यासारखे लोक भेटले."

ती सासू वयानं माझ्याहून मोठी. गुडघ्यावर हात ठेवून उठली, माझ्यापर्यंत आली आणि वाकली. "अशी माणसं राह्यली नाहीत आता," ती म्हणाली.

मी पाय मागे घेतले नाहीत. बोलले असते तर त्या मुलीचा मोडलेला बस्ता तिच्या नव्या सासूपुढे पुन्हा उलगडला असता, तिच्यासाठीच मी गप्प राहिले, असं मी आता ह्यांना सांगते. हे ऐकून घेतात. पण त्या क्षणी मुलगी माझ्या मनात कुठेच नव्हती. त्या बाईचे हात माझ्या पायांवर होते आणि मला फक्त एवढंच वाटत होतं की सुटले.