वरची वीतभर माती

माझी जुनी मैत्रीण सिंधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत मटार निवडत होते. तिचा मुलगा अमेय एवढंच म्हणाला, "मावशी, आई गेली... झोपेतच." मी मटार तसेच पिशवीत भरले आणि रिक्षात बसल्यावर रडले. पंचाहत्तरी उलटलेली, दुखणं नाही, कुणाकडून सेवा करून घेणं नाही. असं मरण यावं म्हणून माणसं नवस बोलतात. तरी रडू यायचं ते येतंच.

पण रडत बसायलाही तिने सवड ठेवली नव्हती. शेवटच्या भेटीत माझ्यावर काम सोपवून ठेवलं होतं. "माझी रक्षा नदीत सोडायची नाही. नदीला आपल्या लोकांनी आधीच भरपूर दिलंय. आमच्या शेतात, वरच्या वीतभर मातीत मिसळायची. खोल पुरायची नाही. तू स्वतः उभी राहा, अमेय धांदरट आहे."

"खोल पुरली तर काय बिघडतं?"

"मला खाली करमायचं नाही गं."

या न करमण्यामागे शास्त्र होतं. सिंधू मातीतल्या सूक्ष्म जीवांची अभ्यासक. कृषी महाविद्यालयात शिकवण्यात तिचा जन्म गेला. शेतात पुरुषभर खड्डा घ्यायचा, आत उतरायचं, खड्ड्याची भिंत सुरीने तासायची आणि थराथरातली माती डब्यांत भरायची. तीही तळापासून वर. वरून सुरुवात केली तर वरची माती खाली सांडते आणि सगळाच घोळ होतो. एक विद्यार्थी तळाशी भलतीच जीवसमृद्धी सापडल्याचं आनंदाने सांगत आला, तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "अहो, ते तिथले रहिवासी नाहीत. तुम्हीच त्यांना वरून ढकललंत." मला ती माझ्या भाषेत सांगायची. "वरचा थर म्हणजे मंडई. पालापाचोळा, मुळं, हवा, सगळं हाताशी, म्हणून गर्दी आणि गलका. खाली हवा कमी, खायला कमी. तिथले जीव निराळेच. थोडे, सावकाश जगणारे, आहे त्यात भागवणारे. तुझ्या सासरच्यांसारखे." माझ्या सासरच्यांना तिने कधी सोडलं नाही.

खडकवासल्याच्या पुढे तिच्या माहेरचं शेत आहे. तिचे चुलतभाऊ बबनराव ते कसतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी उताराची जमीन सपाट करायला जेसीबी बोलावला. सिंधूला कळलं मात्र, मला ओढत तिने स्वारगेट गाठलं, मिळेल ती बस पकडली आणि थेट यंत्रापुढे जाऊन उभी राहिली. "बबन, आधी वरची काळी माती काढून बाजूला ठेव. मग खालची सपाट कर. मग काळी पुन्हा वर पसर."

"ताई, डबल काम हाय ते. माती ती माती. वरची काय अन् खालची काय!"

"असं? मग उद्यापासून डोकं खाली, पाय वर करून चाल. माणूस तो माणूस!"

जेसीबीवालाच आधी हसला. बबनराव धुसफुसले, पण ऐकलं. शेजारच्याने मात्र सरसकट सपाट केलं. वर आलेल्या मुरमात पुढे दोन हंगाम काही धड उगवलं नाही. इकडे हरभरा गुडघ्याला लागला. सिंधू तो बघून लहान मुलीसारखी खूश झाली.

रक्षा घेऊन आम्ही शेतावर गेलो तेव्हा खड्डा तयार होता. चांगला कंबरभर खोल. बबनरावांचे डोळे लाल झाले होते. "ताईला नांगर लागाया नको, म्हणून खोल घेतलाय."

इतक्या मायेने खणलेल्या खड्ड्याला नको कसं म्हणायचं? अमेय माझ्याकडे बघत राहिला... पण शब्द दिला होता. धीर करून मी तिचं म्हणणं सांगितलं.

बबनराव म्हणाले, "वर ठेवलं तर नांगर फिरंल की ओ, बाई."

"फिरू दे. तिला माणसांत राहायचंय."

त्यांनी मान हलवली आणि फावडं उचललं. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. खड्ड्याच्या कडेला ढीग एक नव्हता, दोन होते. एका बाजूला काळी माती, दुसऱ्या बाजूला पिवळसर. त्यांनी आधी पिवळी आत लोटली, पायाने दाबली. काळी अगदी शेवटी वर पसरली आणि अमेयने तिच्यात रक्षा मिसळली.

"पण बबनराव, तुम्ही तर म्हणाला होतात, माती ती माती. मग दोन ढीग कशाला केलेत?"

ते आपल्याच ढिगांच्या जागेकडे बघत राहिले. "ध्यानातच आलं न्हाई बगा," म्हणाले. "ताईनं लावल्याली सवय. आता हात समदी माती एका ढिगात टाकतच न्हाई."