वेस्पाशियनचं नाक

आखातात, सालमियात राहणारे राजन दातार तेलकंपनीत इंजिनिअर. माणूस सज्जन, पण पाहुणा टेकला की यांनी रोमन नाण्यांचा ट्रे काढलाच म्हणून समजा. काशाची, हिरवी पडलेली नाणी. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसरीकडे कुठे गरुड, कुठे जुळ्या बाळांना पाजणारी लांडगीण. चहा निवायचा, पाहुणे चुळबुळायचे, राजन मात्र रंगात.

म्हणून ९९ साली मुलीला, प्रणिताला, बघायला खैतानहून सरंजामे मंडळी येणार ठरली तेव्हा बायकोने, नीरजाने, बजावलं, "आज ट्रे कपाटात, किल्ली माझ्याकडे!"

राजननी मान डोलावली. पण मुलाचे वडील, बाळासाहेब, आत आले आणि राजन बघतच राहिले. तीच बैलासारखी मान, तेच टक्कल, पोपटाच्या चोचीसारखं नाक. हुबेहूब सम्राट वेस्पाशियन!

"माझ्या तोंडाला काही लागलंय का?" बाळासाहेबांनी विचारलं.

"छे हो. जरा उजवीकडे वळता का? नाण्यावर असंच आहे..." राजनच्या तोंडून निसटलं.

"कसलं नाणं? बघू की!" मुलाची आई, लताबाई, सरसावल्या. नीरजाने दात-ओठ खात किल्ली दिली. लताबाईंनी नाणं नवऱ्याच्या कानाशी धरलं आणि पदर तोंडाला लावून खिदळल्या, "अगंबाई, झोपेत हनुवटी अश्शीच येते पुढे!"

बाळासाहेब खुलले. "सम्राट म्हणता? काय केलं यांनी?"

"कर बसवून रिकामा खजिना भरला."

बाळासाहेब स्वतः अकाउंट्स मॅनेजर. "वा! कर कशावर?"

नीरजाने टेबलाखालून पाय दाबला. पण इतिहासाच्या बाबतीत खोटं बोलणं राजनना जमत नसे.

"मुतावर," ते म्हणाले. "सार्वजनिक मुताऱ्यांतलं गोळा करायचे. धोब्यांना कपडे धुवायला लागायचं."

बाळासाहेबांच्या घशात सुरळीची वडी अडकली, ठसका लागला, आणि ठसक्यातूनच ते गडगडाट करत हसले. "आमच्या साहेबाला सांगू नका हं, उद्याच लागू करेल!"

लग्न काही जमलं नाही. "बाबा, ही इज नाइस, बट नो," प्रणिता म्हणाली. तिकडे मुलाचं, आदित्यचंही तेच. नीरजाने खापर मात्र राजनच्या डोक्यावर फोडलं.

पुढच्या शुक्रवारी दाराची बेल वाजली. बाळासाहेब एकटेच. "लांडगिणीचं राहून गेलं त्या दिवशी," ते बूट काढत म्हणाले. मग दर शुक्रवारी येऊ लागले.

महिन्याभराने लताबाईंचा फोन आला. "नीरजाताई, काय करून ठेवलंय तुमच्या ह्यांनी! आमचे हे आता फोटोत समोर बघतच नाहीत!"