आर्गॉनचं काय?

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी पवनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवत होतो आणि बायको त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, रसायनशास्त्र. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी कविता करायचो, ती ऐकायची. संसार बरा चालला आहे असं माझं मत होतं. त्या जूनमध्ये भौतिकशास्त्राला नवे सर आले. सिहोऱ्याचे, अविवाहित, उंचेपुरे, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारे. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपली, पण ते नंतर कळलं.

एका दुपारी स्टाफरूममध्ये पेपर तपासता तपासता बायको स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "एकोणीस, तेवीस, सत्तावीस, एकतीस. पाहा ना, चार-चारनं वाढून राहिले."

अणूच्या केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती कण असतात, त्याचे हे आकडे. फ्लोरिनचे एकोणीस, सोडियमचे तेवीस, अ‍ॅल्युमिनियमचे सत्तावीस. मधलं एकेक मूलद्रव्य सोडून. मी "हो का" म्हणालो आणि चहाचा कप उचलला. नवे सर मात्र खुर्ची ओढत तिच्या टेबलाशी आले.

"मॅडम, मग मधले सुटलेले पाहू. ऑक्सिजन सोळा, निऑन वीस, मॅग्नेशियम चोवीस, सिलिकॉन अठ्ठावीस, गंधक बत्तीस. हेही चार-चारनंच!"

"म्हणजे तक्त्यातल्या सम नंबरवाल्यांचा आकडा नंबराच्या बरोबर दुप्पट," ती म्हणाली, "अन् विषमवाल्यांचा दुप्पट अधिक एक."

दोघं एकमेकांकडे बघून हसले. माझ्या कवितेला ती असं कधी हसली नव्हती.

त्यानंतर रोजचंच झालं. संध्याकाळी आम्ही वैनगंगेच्या घाटाकडे फिरायला जायचो, त्यात आता ते तिसरे. दोघं पुढे, आकडे बोलत, मी मागे. पाय घसरतील अशा पायऱ्यांवरही त्यांचं बोलणं थांबायचं नाही. ऑफिसातल्या बाबूंनी एकदा मला विचारलं, "सर, म्याडम अन् नवे सर काय मोजून राहिले एवढं?" त्यात खवचटपणा होता की नव्हता, देव जाणे. मला मात्र जेवण गेलं नाही. ती घरी गुणगुणत भाजी चिरायची तर मला वाटे, हे गुणगुणणं कोणाचं आहे? ते सर आजारी पडून दोन दिवस आले नाहीत, तेव्हा ती "डबा पाठवू का?" म्हणाली. मी म्हटलं, "खानावळ आहे ना." माझा आवाज मलाच परका वाटला.

भाच्याच्या बारशाला ती कोंढ्याला माहेरी गेली. रिकाम्या घरात मी तिचं अकरावीचं पुस्तक काढून बसलो. शिकायला नाही. खोट काढायला. फ्लोरिनपासून एकेक आकडा पडताळत गेलो. क्लोरीनपर्यंत सगळं बरोबर निघालं आणि मी खचत चाललो. मग अठरावा आला, आर्गॉन. दुप्पट करून छत्तीस यायला हवे होते. पुस्तकात चाळीस. मी पुन्हा पाहिलं. चाळीसच! मी चक्क उठून आरशात बघितलं.

ती परत आली, पण तिला मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूम भरलेली असताना नव्या सरांना विचारलं, "तुमची ती चार-चारची गाडी बरोबर आहे. पण मग आर्गॉनचं काय?"

ते गप्प झाले. बायकोही. त्या शांततेत मी आयुष्यातली सगळ्यात चविष्ट सुपारी खाल्ली. मग नवे सर उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला. "सर, हे आमच्या ध्यानातच आलं नाही!" आणि बायको त्यांच्याकडे वळून म्हणाली, "त्याच्या पुढचा पोटॅशियम तं एकोणचाळीस आहे, आर्गॉनपेक्षा हलका. काहून असं होत असंल?" झालं. मी फेकलेल्या दगडानं त्यांना महिनाभराचं बोलणं मिळालं.

रविवारी नवे सर नागपूरच्या एका ग्रंथालयात जाऊन आले. सोमवारी त्यांनी सांगितलं, की आर्गॉनचा छत्तीसचाही प्रकार असतो, आणि ताऱ्यांमध्ये तोच जास्त. आपल्या हवेतला चाळीसचा आर्गॉन मुळातला नाही. खडकांत पोटॅशियमचा चाळीस आकड्याचा एक दुर्मीळ प्रकार असतो, तो युगानुयुगं बदलत राहतो, त्यातून हा बनला. बायकोनं टाळी वाजवली. त्यांची रांग शाबूत होती.

त्या संध्याकाळी घरी मी फुटलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. "तुम्ही दोघं, तुम्ही दोघं" एवढं पुष्कळदा म्हणालो. ती ऐकत राहिली. मग पदरानं हात पुसत म्हणाली,

"आर्गॉनचं तुमी शोधलं तं मले किती बरं वाटलं होतं. पण ते मले घरी काहून नाई विचारलं? चारचौघांत त्यायले काहून विचारलं?"

मी खुंटीवरची पिशवी काढून परत अडकवली.

"दोन वर्षं मी तुमच्या कविता ऐकून राहिली. मी वर्गात काय शिकवतो, हे तुमी एक दिवस तरी विचारलं का? त्यायनं पहिल्याच महिन्यात विचारलं. बस, एवढंच आहे."

एवढंच. मला ते त्याहून मोठं काही असतं तर परवडलं असतं.

वर्ष संपता संपता नव्या सरांना गोंदियाला कायमची नोकरी लागली. ते गेले त्या दिवशी ती गप्प होती आणि तिच्या गप्पपणाचाही मला हेवा वाटला. पण मी विचारू लागलो. आधी हट्टानं, मग खरंच ऐकावंसं वाटू लागलं म्हणून. भांडी विसळताना ती सांगायची, निम्मं डोक्यावरून जायचं. गोंदियाहून फोन आला की मी अजून रेडिओ बंद करून जवळच बसायचो.

दोन वर्षांनी सिहोऱ्याला त्यांचं लग्न झालं. विहारासमोर मांडव, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. जेवणं झाल्यावर नवरदेव आणि माझी बायको मांडवाच्या खांबाशी उभे राहिले आणि बोटांवर मोजत बोलू लागले, जणू मध्ये काळ गेलाच नव्हता. नवरी खुर्चीत एकटी बसून तिकडे बघत होती. तो चेहरा मी ओळखला. मी माझी खुर्ची उचलून तिच्याजवळ नेली.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "हे काय बोलून राहिले?"

"युरेनियम, थोरियमसारखे जड अणू," मी म्हणालो, "फुटत फुटत जातात. प्रत्येक वेळी आकडा चारनं कमी होतो, नाहीतर तेवढाच राहतो. म्हणून चारानं भागलं की बाकी कायम तीच. त्या बाकीवरून त्यांची चार घराणी पडतात. तीन आजही आहेत. ज्याची बाकी एक उरे, ते केव्हाच संपलं."

"काहून संपलं?"

मला पुढचं येत नव्हतं. मी खांबाकडे वळून बायकोला हाक मारली.