मावशीची चिकटपट्टी

कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत, अगदी साहेबसुद्धा. कागदासारखे पातळ, वाकणारे सर्किट बोर्ड जोडण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. सरळ पडून राहायचं नाही, ही असल्या बोर्डाची जित्याची खोड. म्हणून मावशी आधी त्याला ॲल्युमिनियमच्या प्लेटवर ठेवून चारी कोपरे चिकटपट्टीने पक्के करायची आणि मगच त्यावर मोहरीएवढे सुटे भाग बसवायची.

साहेबांना हे फार गावठी वाटे. त्यांनी समिती नेमली. समितीने चार महिने चहा ढोसला आणि भाग आपोआप बसवणारं खोलीएवढं यंत्र आणलं. पहिल्याच दिवशी यंत्राने बोर्ड आत ओढला, बोर्डाने कोपरे वर उचलले आणि सगळे भाग भलतीकडेच जाऊन बसले.

"साहेब, यंत्र पसंत करायला गेलात, तेव्हा आपला बोर्ड नेला होतात ना?" मावशीने विचारलं.

"तो बॅगेत चुरगळतो हो, मावशी. म्हणून जाड, कडक बोर्ड नेला होता. त्यावर काय सुरेख चाललं!"

मावशीने कपाळावर हात मारला आणि आपली प्लेट काढली. तिने बोर्ड चिकटवून दिल्यावर यंत्र निमूट चालू लागलं.

महिन्याभरात समिती पुन्हा बसली. आता चिकटपट्टी लावणारं यंत्र घ्यायचं ठरलं.

"या खेपेला तरी आपला बोर्ड घेऊन जा," मावशी म्हणाली.

साहेब हसले. "कशाला? मागचा कडक बोर्ड अजून बॅगेतच आहे की!"