आमचे भित्रे सर

कोल्हापूर जिल्ह्यात आमच्या थोरल्या सरांइतका भित्रा माणूस दुसरा नसेल, हे मी पैजेवर सांगते. अंगानं धिप्पाड, मिशा भरघोस, फोनवर बोलू लागले की शेजारच्या ऑफिसातली माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची. पण बिनकठड्याची विहीर, तापलेलं दूध किंवा पोराच्या सदऱ्याचं सैल झालेलं बटण दिसलं की या माणसाचा चेहरा उतरायचा. बालसंरक्षणाच्या कामात मी नवी लागले ती त्यांच्या हाताखाली. तक्रार आली की त्या घरी जायचं, मूल तिथं सुरक्षित आहे का बघायचं, आणि त्याला घरीच राहू द्यावं की बालगृहात हलवावं, याबद्दल बालकल्याण समितीला आपलं मत द्यायचं, हे आमचं काम.

ऑफिस सुटलं तरी त्यांची नजर सुटायची नाही. पेठ वडगावला एका लग्नात हे पंगतीतून उठून आचाऱ्याच्या चुलीपाशी जाऊन उभे राहिले, कारण तिथं पोरं पळापळी खेळत होती. नवऱ्यामुलाचे मामा बोलवायला आले, "पावणं, जेवायला चला की." "तुमी बसा. रस्सा खाली उतरला की येतो." रस्सा उतरला तोवर पंगत उठली होती. माझ्या भाचीच्या बारशाला त्यांनी रिकाम्या पाळण्याला असे हिसके दिले की छताचा हूकच हातात आला. घरचे सगळे छताकडं बघत राहिले. सर मात्र पहिल्यांदाच निवांत बसून पेढा खाऊ लागले.

गृहभेटीत ते खुर्ची घेत नसत, जमिनीवर बसत. "पोराच्या उंचीवरनं घर येगळं दिसतंय, ताई." उठताना मात्र एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच घरमालक, असे दोघं मिळून त्यांना उभं करायचो.

एकदा कबनूरहून तक्रार आली. यंत्रमागावर कामाला जाणारी एक विधवा आपल्या लहान मुलीला खोलीत कोंडून जाते, असं शेजारणीचं म्हणणं होतं. आम्ही पोचलो तर दाराला बाहेरून खरंच कुलूप, आणि मागांच्या खडखडाटातून आतल्या पोरीचं बारीक गाणं ऐकू येत होतं. सर घामाघूम झाले. "आत ग्यास आसंल. काय पेटलं तर?" शेजारीण धावत जाऊन आईला घेऊन आली. कुलूप काढताना तिला किल्ली लागेना. पोरीला आजच हलवावं लागणार, असं मला वाटू लागलं.

सर आत जाऊन पोरीजवळ जमिनीवर बसले. कुलपाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. ती भातुकली खेळत होती. बाहुलीला डब्यात घालून तिनं झाकण लावलं.

"हिला कशाला कोंडलीस गं?"

"काका पिऊन येतोय. लई मारतोय. कुलूप आसलं की आत येत न्हाय."

आई उंबऱ्यातच खाली बसली. "धाकटा दीर हाय. मालक गेल्यापासनं खोली सोड म्हणतोय. मागाच्या पाळीवर न्हाय गेलं तर खायाचं काय, साहेब?"

कुलूप असलं तर आगीची भीती, नसलं तर काकाची. बालगृहात दोन्ही नव्हत्या, पण तिथं आईही नव्हती. शेवटी ते शेजारणीकडे वळले.

"तक्रार केलीसा, ती पोरीच्या मायेनंच न्हवं?"

"मग काय तर."

"मग आई कामावर आसताना पोरगी तुमच्याकडं बसवून घ्याल?"

ती जरा गोंधळली. "घ्यीन की. मला कुणी इचारलंच न्हाय."

आम्ही आईला घेऊन तसेच पोलीस ठाण्यात गेलो, दिराविरुद्ध तक्रार दिली. मुलीला आईजवळच राहू द्यावं, असं सरांनी समितीला सांगितलं, आणि समितीनं ते मानलं.

परतताना सर खिडकीबाहेर बघत होते. "चुकलो आसलो तर, ताई?"

पुढे कित्येक महिने त्यांना कबनूरला जायला काही ना काही निमित्त सापडायचं. टॉवेल घ्यायला म्हणून जायचे. घरात टॉवेलांचे ढीग लागले, वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकेक देऊ लागल्या. एकदा शेजारणीचा फोन लागेना, तर सर डबा तसाच उघडा टाकून निघाले. मी मागोमाग गेले. फोनचं चार्जिंग संपलं होतं, आणि पोरगी शेजारणीच्या दारात बसून दूधभात खात होती. सर लांबूनच बघून मागे फिरले.

पोलिसांनी बोलावून दम दिल्यावर दीर कागलच्या एमआयडीसीकडे कामाला गेला, तो परत आला नाही. मुलगी आता हायस्कूलला आहे. सर निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते. अजूनही मधूनच त्यांचा फोन येतो. आवाज आता बारीक झालाय. "कबनूरची पोरगी बरी हाय न्हवं?" मी बरी आहे म्हणते. ते "बरं" म्हणतात, पण फोन ठेवत नाहीत. पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत राहतो, आणि मलाही फोन ठेववत नाही.