वळशाची माफी

पहिल्याच रविवारी मी उस्तादांच्या मैदानावर सिमेंटच्या नळीत अडकलो. डोकं आणि हात पलीकडे पोचले होते, पोटाने मात्र अलीकडेच राहायचं ठरवलं होतं. बाहेर लोक हसत होते. उस्ताद नळीच्या तोंडाशी उकिडवे बसून शांतपणे म्हणाले, "आवं साहेब, पोट आत घ्या. मागं बकरी थांबलीया, तिचा खोळंबा हुतुय." बकरीला तेवढा धीर नव्हता. तिने मागून एक धडक दिली आणि मी बाहेर आलो. आयुष्यात मला पुढे ढकलणारी, बायकोनंतरची ती दुसरीच.

उस्ताद लष्करात कुत्री शिकवायचे. मूळचे माणच्या दुष्काळी भागातले, धनगराच्या घरातले. लहानपण मेंढरांमागे गेलं, नोकरी कुत्र्यांबरोबर झाली, आणि निवृत्तीनंतर कराडजवळ घरापुढच्या जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी माणसांना हात घातला. तिथे जुने टायर, नळी, कमरेएवढी भिंत, पाण्याने भरलेला चर आणि चरावर आडवी टाकलेली एक अरुंद फळी. दर रविवारी माणूस आणि जनावर अशी जोडी पळायची. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी आपलं गुबगुबीत कुत्रं गारेगार गाडीतून घेऊन यायचे. कुत्रं उतरायचं नाही, व्यापारी चरात पडायचे. ज्याच्याकडे जनावर नाही त्याला उस्तादांची बकरी मिळायची. मला कायम तीच. पुढे पुढे ती मला पाहिलं की तोंड फिरवायची.

उस्तादांचा नियम एकच होता. अडथळ्याला वळसा घालायचा नाही. पडा, लोंबकळा, रडा, पण बाजूने जाऊ नका. गेलातच, तर परत फिरायचं, त्या अडथळ्यावर हात ठेवायचा आणि त्याची माफी मागायची. मी भिंतीची इतक्या वेळा माफी मागितली, की आमच्यात घरोबा झाला. एकदा वैतागून विचारलं, "उस्ताद, भिंतीला काय कळतंय?" ते म्हणाले, "तिला न्हाई कळत. पर वळसा घातला की रातच्याला ती वाढती. सकाळी बघा, डोस्क्याएवढी झालेली आसती."

त्यांची कुत्री राणी. ती फळीवरून जायची ती फक्त त्यांच्या उजव्या हाताकडे बघत. हात वर, की निघाली. ते तोंडाने काही बोलायचे नाहीत. "कुत्र्याला बोलून सांगणारा मास्तर कच्चा," म्हणायचे, "आन् माणसाला न बोलता सांगणारा खुळा." एका रविवारी माझी बायको डबा द्यायला आली आणि लांबचा रस्ता कशाला म्हणून चपला न काढता, साडीत, हातात डबा घेऊन सरळ त्या फळीवरून चालत आली. उस्तादांनी टाचा जुळवून तिला सलाम ठोकला. नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, डबा त्यांनीच खायला पायजे." त्या दिवशी तो मी बकरीशेजारी बसून खाल्ला.

गेल्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणायचं ठरलं, तेव्हा पुण्याहून मुलगा आला. चांगला मुलगा. "बाबांना कुठं ठेच लागायला नको," म्हणाला, आणि आम्ही सगळे रविवारचे लोक हौसेने कामाला लागलो. घराचा उंबरा काढला. पायऱ्यांवर उतार केला. मैदानातली भिंत पाडून तिच्याच विटांनी चर बुजवला. नळी ट्रॅक्टरने ओढून नेली. फळी गोठ्यामागे टाकली. सगळीकडे गुळगुळीत फरशा बसवल्या, म्हणजे चाकाची खुर्ची सहज फिरेल. व्यापाऱ्यांनी सगळ्यांना भडंग आणलं होतं. कितीतरी दिवसांनी एवढं चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

उस्तादांना घरी आणलं. खुर्ची फरशीवरून घरंगळत निघाली. एका जागी राणी पुढे धावली आणि तिने हवेतच उडी मारली. तिथे पूर्वी भिंत होती. उस्तादांनी ते पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. मुलाने विचारलं, "बाबा, बरं झालं ना सगळं?" त्यांनी मान खाली घातली. आम्हाला वाटलं, भरून आलं.

व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. पहिल्या काही महिन्यांत उभे राहिले तर राहिले, नाहीतर अवघड, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. उस्ताद प्रयत्नच करेनात. उस्तादांच्या बायको, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "आवं भावजी, ह्यो माणूस कवा कुठल्या गोष्टीला न्हाई म्हनला न्हवता. आता पाय उचला म्हनलं की नुसतं भाईर बघत बसत्यात. भाईर हाय काय बगायला? सगळं सपाट." बोलता बोलता त्या थांबल्या.

ते महिने गेले.

परवा मी आणि बायको त्यांना भेटायला गेलो. माझ्या डोक्यात आलं आणि मी गोठ्यामागची फळी ओढत आणली. एक टोक वाळवीने खाल्लं होतं. ती त्यांच्या वाटेत आडवी टाकली आणि उगाच मोठ्या आवाजात म्हणालो, "चला उस्ताद, बकरी खोळंबलीय!" खुर्ची वहिनींच्या हातात होती. राणी फळीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या उजव्या हाताकडे बघू लागली. तो हात मांडीवर तसाच पडलेला. बराच वेळ झाला. राणी हलेना. मग उस्तादांनी डाव्या हाताने खूण केली. बोट हवेत अर्धगोल फिरलं. बाजूने.

वहिनींनी खुर्ची बाजूने घेतली. फळी मागे पडली, तसा उस्तादांनी परत डावा हात वर केला. थांबा. मागे घ्या. त्यांना वाकवेना, म्हणून मी फळीचं टोक उचलून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी त्यावर डावा हात ठेवला आणि डोळे मिटले.

आम्ही स्कूटरवरून परत आलो. घरी कुलूप काढलं, तशी बायको दारातच थांबली. "उद्या मी अशी पडले ना," ती म्हणाली, "तर घरातलं काही हलवू नका. हा उंबरासुद्धा."